कलशेट्टी बाईंचं इंग्रजी

एकेचाळिसाव्या लिंगाला बेल वाहून आम्ही उठलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. श्रावणातला तिसरा सोमवार, पण आभाळ कोरडं. सोलापूरचं ऊन श्रावण आहे म्हणून काही सूट देत नाही. पहाटे पाचला सिद्धेश्वराच्या देवळातून निघालो होतो. सिद्धरामांनी, म्हणजे सिद्धेश्वरांनीच, गावाच्या भोवतीनं अडुसष्ट लिंगं स्थापली, ती सगळी एका दिवसात अनवाणी फिरायची. प्रत्येकाला एक बेलाचं पान, थोडं पाणी, हात जोडायचे आणि पुढं चालायचं. कुठलं लिंग रस्त्याच्या कडेला, कुठलं कंपाउंडच्या आत, कुठलं कुणाच्या परसात धुण्याच्या दगडाशेजारी. गेली सहा वर्षं मी कलशेट्टी बाईंबरोबर ही प्रदक्षिणा करते. चालताना आम्ही फार बोलत नाही. बाई लिंगं मोजतात, मी पाण्याचा तांब्या सांभाळते.

त्या दिवशी बाई उठल्या आणि दोन पावलं चालून तिथल्याच कट्ट्यावर परत बसल्या.

"पाय दुखले का बाई?"

"पायांना काय झालंय? पाय चांगलेत." मग म्हणाल्या, "सुकन्या, एक सांगू का तुला? मला इंग्रजी येत नाही गं."

मला हसूच आलं. "बाई, देवाच्या दारात चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत."

त्यांचा चेहरा पाहिला आणि मी तांब्या खाली ठेवून शेजारी बसले.

मी का हसले ते सांगायला पाहिजे. दानेश्वरी कलशेट्टी बाईंनी शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली. आमच्या वर्गातली निम्मी मुलं तेलुगू घरांतली, वडील यंत्रमागावर, आया विड्या वळणाऱ्या. शाळा सुटली की मुलींनाही मांडीवर सूप घेऊन विड्यांना बसावं लागायचं. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी घरोघर जाऊन त्यांनी हे बघितलं. मुलीला अभ्यासाला बसवा, असं त्या एकाही आईला म्हणाल्या नाहीत. रोज फळ्यावर दहा शब्द लिहायच्या. ते चिठ्ठीवर उतरवायचे आणि घरी जाऊन सुपाच्या काठाला खळीनं चिकटवायचे. "हात कामात असू देत," म्हणायच्या, "डोळे आन् तोंड मोकळंच आहे की." दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात बाई स्वतः उभ्या. "मे आय कम इन" म्हणायचं, दहापैकी त्या विचारतील तो शब्द सांगायचा, मग आत. न सांगता आला तर रांगेच्या शेवटी जायचं. मार नाही, ओरडणं नाही. शेवटच्या मुलाला घेऊनच दार लावायच्या.

माझ्या मैत्रिणीची आई शिवबाई शाळेत कधी गेली नव्हती. पण रोज ऐकून ऐकून तिला ते शब्द पाठ झाले. मुलगी अडली की शिवबाई हातातली विडी न थांबवता पुढचा शब्द सांगायची, आणि वर म्हणायची, "शाळंत तू जातीस का मी जातीय?"

धडा शिकवताना बाई एक ओळ इंग्रजीत वाचायच्या, मग तिचं मराठी. मागच्या बाकांवरच्या चेहऱ्यांवर काही उमटलं नाही तर एखादा शब्द तेलुगूत टाकायच्या. बाई घरच्या कन्नड, लिंगायत. तेलुगू त्या मुलांकडूनच शिकल्या. दहावीला इंग्रजीत नापास होणारं पोर आमच्या शाळेत शोधावं लागायचं. त्यांच्या हॉलमध्ये आदर्श शिक्षक पुरस्काराचा फोटो आहे, त्यात बाई इतक्या ताठ उभ्या आहेत की कुणाला वाटावं, रागावल्यात.

आणि ही बाई मला कट्ट्यावर बसून सांगत होती की मला इंग्रजी येत नाही.

"वाचता येतं," त्या म्हणाल्या. "लिहिता येतं. दुसरं कुणी बोललं तर अक्षर न् अक्षर कळतं. पण माझं तोंड उघडत नाही. कधी उघडलंच नाही."

आम्ही उठून चालायला लागलो. बाई चालत चालत सांगत गेल्या, अधूनमधून लिंग आलं की थांबायचं, बेल वाहायचा, आणि पुन्हा तिथूनच पुढं.

अक्कलकोटच्या बाजूला त्यांचं माहेर. वडिलांना वाटलं मुलीनं इंग्रजी घेऊन बी. ए. व्हावं. सोलापूरला कॉलेजात प्राध्यापक इंग्रजी कविता मराठीतून समजावून सांगायचे, मुली उत्तरं पाठ करायच्या. बी. एड.ला तेच. शाळेत मुलाखत झाली ती मराठीत. "संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, बाई, इंग्रजी जमेल ना? मी म्हटलं, जमेल की. झाली मुलाखत." तपासणीला साहेब आले. मागं बसून तास बघितला, जाताना म्हणाले, "छान शिकवता हो तुम्ही इंग्रजी." तेही मराठीत.

"एकतीस वर्षांत माझ्याशी इंग्रजीत कोण काय बोललं सांगू? गुड मॉर्निंग टीचर. मे आय कम इन. प्रेझेंट मॅडम. संपलं. त्यातलंही 'प्रेझेंट मॅडम' निम्मी पोरं झोपेत म्हणायची." बाई जराशा हसल्या. "कन्नड, मराठी, तेलुगू, हिंदी. चार भाषांत भांडता येतं मला बाजारात. आणि जिच्यावर पगार घेतला, तिच्यात कुणाला 'बस, पाणी घे' म्हणायची वेळ आली तर जीभच वळत नाही."

"मग एवढी वर्षं कुणाला कळलं कसं नाही?"

"कळायला समोरच्याला इंग्रजी यायला नको का?"

ते खरंच होतं. आमच्यात ज्याला येत नाही तो तपासणार कसा? बाईंचे यजमान धोंडप्पा, बाजारात त्यांचं आडत दुकान होतं. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं आणि बायकोचा अभिमान एवढा, की दुकानात कुणी नोटीस, करार, औषधाची चिठ्ठी घेऊन आलं की घरी घेऊन यायचे. "आमच्या हिचं इंग्रजी लई पक्कं," म्हणायचे. बाई वाचून मराठीत सांगायच्या, माणूस हात जोडून जायचा. धोंडप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली.

एकुलता एक मुलगा महेश्वर. तोही आमच्याच शाळेत शिकला. इंजिनिअर झाला, चेन्नईला लागला. तिथंच लग्न केलं, सून केरळची. तिला मराठी येत नाही, कन्नड येत नाही, त्याला मल्याळम येत नाही. मग घरात इंग्रजीच. नात आठ वर्षांची, तिला लाडानं चिन्नी म्हणतात. तिला आजीसाठी एकच शब्द येतो, अज्जी.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी महेश एकदा बोलला होता मला," बाई म्हणाल्या. "रागानं नाही. म्हणाला, आई, घरात रोज एक वाक्य जरी माझ्याशी इंग्रजीत बोलली असतीस तर इथं तोंड लपवत फिरावं लागलं नसतं. मी त्याला काय सांगणार? तो समजला, आईनं बोलायचं मनावर घेतलं नाही. अजून त्याला तसंच वाटतं."

बाळीवेशीतलं त्यांचं घर मला माहीत आहे. मी अंगणवाडीत काम करते, दुपारी परतताना कधी कधी डोकावते. तीन खोल्या, सगळं जागच्या जागी. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक भांडं. बाकीची भांडी वरच्या फळीवर पालथी. टीव्हीवर इंग्रजी बातम्या हळू आवाजात लावलेल्या असतात. मला वाटायचं, शिकलेल्या बाईची आवड. त्या दिवशी कळलं, बाई निवेदकाच्या मागोमाग ओठ हलवत बसतात.

"सकाळी दूधवाला 'बाई, दूध' म्हणतो," त्या म्हणाल्या. "त्याच्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या दूधवाल्यापर्यंत कुणी काही म्हणत नाही. मला वाईट वाटतं असं नाही. सवय झाली. संध्याकाळची इष्टलिंगाची पूजा असते, तेवढा वेळ बरा जातो. पण रविवार नको वाटतो."

कारण रविवारी पाच वाजता चेन्नईचा फोन असतो.

त्या फोनची तयारी बाई शनिवारपासून करतात. एका जुन्या डायरीत चिन्नीशी बोलायची वाक्यं इंग्रजीत लिहून काढतात, सुवाच्य अक्षरात, ओळ सोडून. कशी आहेस. शाळा कशी चाललीय. काय खाल्लंस. आईला त्रास देऊ नकोस. खोडतात, परत लिहितात, मोठ्यानं वाचून बघतात. हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती डायरी आली. ती मी त्यांच्या टेबलावर कितीदा तरी पाहिली होती, मला वाटलं होतं, दुधाचा हिशेब असेल. (हे सगळं लिहू का, असं मी नंतर बाईंना विचारलं. म्हणाल्या, "लिही. मराठीत लिहितेयस ना? मग चेन्नईत कोण वाचतंय.")

"तिला आवडायचं आधी," बाई म्हणाल्या. "लहान होती ना. मी वाचायची, ती यस, नो म्हणायची. आता मोठी झाली, आता ती विचारते. महिन्यापूर्वी तिनं विचारलं, अज्जी, तू दिवसभर काय करतेस? इतकं गोड विचारलं गं. मला कळलं, सगळं कळलं. पण वहीत पुढचं वाक्य होतं, तुझी परीक्षा कधी आहे. मी तेच वाचलं."

मी बाईंच्या जवळ सरकून चालायला लागले.

"मग तिनं परत विचारलं, अज्जी, मी विचारलं तू काय करतेस. मी पुढचं वाक्य वाचलं. आईला त्रास देऊ नकोस." बाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "तिनं फोन खाली ठेवला आणि बापाला सांगितलं. मला ऐकू आलं. म्हणाली, अज्जी माझं ऐकतच नाही, मी नाही बोलणार तिच्याशी. त्याच्यानंतर तीन रविवार झाले, ती फोनवर आली नाही. महेश म्हणतो खेळतीय, झोपलीय."

पुढचं लिंग एका भिंतीच्या आडोशाला होतं. तिथं काशम्मा म्हणून एक म्हातारी श्रावणात रोज बसते, येणाऱ्यांना पाणी देते, लिंगाभोवती झाडून घेते. आम्हाला बघून तिथूनच ओरडली, "बर्री बाई, कुंदर्री!" म्हणजे या, बसा. बाई तिच्याशी कन्नडमध्ये बोलतात. माझ्यासाठी म्हणून ती मराठीवर आली.

"दर वर्षी दोघीच? लेक-सून कुटं हायत?"

"चेन्नईला."

"नातीला तरी आणा की. सिद्धरामाच्या पाया पडू दे. का तुमच्यासारखं इंग्रजीच शिकवताय तिला?" आणि खो खो हसली. मग बाईंच्या पायांकडं बघून म्हणाली, "बघा तर! माज्यापेक्षा थोरली हाय ही बाई, आन् चालती कशी तुरूतुरू. माजे गुडघे गेले बघा, हिचे न्हाय गेले."

बाईंनी माझ्याकडं चोरून पाहिलं आणि मान खाली घातली. त्या वेळी मला कळलं नाही. तिथून निघाल्यावर कळलं.

दिवाळीत चिन्नीच्या शाळेला सुट्टी असते, पण महेश्वर आणि सुनेला दोघांनाही सुट्टी नाही. त्यांनी ठरवलंय, चिन्नीला बारा दिवस सोलापूरला आजीकडं ठेवायचं. महेश्वर आणून सोडणार आणि लगेच परतणार. सून तर खूश आहे. ती म्हणाली, इतर कुठं ठेवायची भीती वाटली असती, पण आई इंग्लिश टीचर आहेत, चिन्नीला काही अडचणच येणार नाही.

"बारा दिवस, सुकन्या. वही किती दिवस पुरंल?"

"महेशला खरं सांगून टाका."

"काय सांगू? एकतीस वर्षं मी काय केलं म्हणून सांगू?" बाईंचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "मी ठरवलंय. आज रात्री तिकीट काढायच्या आधी तो फोन करणार आहे. मी सांगणार, माझे गुडघे गेलेत. डॉक्टरनं उठायला मनाई केलीय. पोरीचं करणं होणार नाही." मग म्हणाल्या, "तो तुला फोन करंल. खरं आहे का म्हणून विचारंल. तू हो म्हण."

आम्ही रस्त्याच्या मधोमध उभ्या. पहाटेपासून अनवाणी सात तास चाललेल्या बाईचे गुडघे गेलेत, असं मी महेशला सांगायचं होतं. माझ्या ओंजळीत उरलेली बेलाची पानं होती. मी बाईंना कधी नाही म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हटलं.

"बाई, आजच्या दिवशी नको. मला जमणार नाही."

त्या रागावल्या नाहीत. "मलाही वाटतंच ते," म्हणाल्या. "देवापुढं चालत चालत खोटं जुळवतेय. पण बारा दिवस पोरगी माझ्याकडं बघत बसंल, मी तिच्याकडं. आणि जाताना ती म्हणंल, परत नाही जायचं अज्जीकडं. त्यापेक्षा तिनं म्हातारी आजारी आहे म्हणावं, ते बरं."

पुढची चार लिंगं झाली. बाई मोजायच्याही विसरल्या. मी मनात मोजत होते.

चौकात एक रिक्षा कचकन ब्रेक लावून आमच्या शेजारी थांबली. "गुड मॉर्निंग, बाई!"

बारा वाजून गेले होते. बाई म्हणाल्या, "प्रभु, दुपार झाली रे."

"तुमाला बघितलं की सकाळच वाटती, बाई." प्रभु आमच्या शाळेचाच, माझ्या मागं दोन वर्षं. रोज रांगेच्या शेवटी असायचा. "चालत निघालाय व्हय? बसा की, सोडतो पुढच्या लिंगाला. देवाला काय कळतंय रिक्षा का पाय."

"तू शाळेतही असाच शॉर्टकट मारायचास."

"म्हणून तर रिक्षा चालवतोय!" तो हसला. "बाई, पण परवा तुमची लई आठवण काढली. स्टेशनवर एक मद्रासी साहेब बसला. त्याला हिंदी येत न्हाय, मराठी न्हाय, तेलुगू लावून बघितली, ती पण न्हाय. मग मी लावली की इंग्रजी धडाधड! धिस लॉज नो गुड. फॅन नो. मॉस्किटो यस. दॅट लॉज गुड. माय बाई टीच मी."

बाईंनी तोंडावर पदर धरला. "अरे देवा. माझं नाव पण सांगितलंस?"

"मग! अभिमानानं सांगितलं."

"आणि तो काय म्हणाला?"

"हसला. मी पण हसलो. चुकलं असंल की, बाई. पण गडी बरोबर लॉजवर पोचला, आन् जाताना फोन नंबर घिऊन गेला. परत आला की मलाच बोलावणार म्हणाला." त्यानं रिक्षा चालू केली. "सगळं तुमच्यामुळं हां बाई!" असं ओरडत गेलासुद्धा.

बाई तो गेला त्या दिशेला बघत राहिल्या. मी म्हटलं, "चला बाई, अजून सहा राहिलीत."

चालताना त्या एकदम म्हणाल्या, "हा प्रभु पंधरा पंधरा दिवस शेवटी उभा राहायचा. एकही शब्द सांगता यायचा नाही. पण गप्प राहायचा नाही. काही तरी ठोकून द्यायचा. सगळा वर्ग हसायचा, हा पण हसायचा." मग काही वेळानं, "मी कधी कुणापुढं चुकलेच नाही गं. चुकायला तोंड उघडायला लागतं."

शेवटची लिंगं करून आम्ही परत तळ्याकाठच्या देवळात आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आत गर्दी होती, कुणीतरी "हर्र बोला हर्र" म्हणालं, सगळ्यांनी साथ दिली. बाईंनी बराच वेळ डोकं टेकवलं. मीही माझं मागणं मागितलं, ते इथं सांगत नाही. बाहेर येऊन आम्ही सावलीत बसलो. बाईंच्या टाचा फुटून लाल झाल्या होत्या. त्या त्यांच्याकडं बघत होत्या.

"येऊ दे पोरीला," त्या म्हणाल्या. "महेशला आज सांगते, तिकीट काढ म्हणून. गुडघ्याचं काही सांगत नाही."

मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, "बघा, सगळं नीट होईल. मी पण येत जाईन दिवाळीत."

"दिवाळीत नको. उद्यापासून ये." बाई माझ्याकडं वळल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं अवघडलेलं पाहिलं नव्हतं. "अंगणवाडी सुटल्यावर. अर्धा तास. माझ्यासमोर बस आणि माझ्याशी इंग्रजीत बोल."

"मी?" मी खरंच घाबरले. "बाई, मला कुठं येतंय इंग्रजी? तुमच्या ओळखीत कॉलेजातल्या मुली आहेत, ती सोनाली आहे शेजारची, फाडफाड बोलते. तिला सांगा."

"तिच्यापुढं माझं तोंड उघडणार नाही. तुला दहावीला इंग्रजीत अडतीस होते, मला आठवतंय." त्यांनी माझा हात धरला. "मला बोलून दाखवणारं कुणी नको आहे, सुकन्या. जिच्यासमोर चुकताना मला लाज वाटणार नाही, अशी एकच बाई या गावात आहे. मी चुकीचं बोलेन, तू चुकीचं बोल. दिवाळीपर्यंत. एवढं करशील माझ्यासाठी?"